कामाच्या गाड्यांची स्वच्छता व त्या हाकणारा माणूस

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यास तूप-हळद लावून तो शेकण्याची रीत आपल्या सावली-मूल भागात अद्याप पुष्कळ घरी पाळली जाते. वर्षभर ज्या खांद्याने जू ओढले त्या खांद्याची एक दिवस तरी विचारपूस करावी, असा तिचा अर्थ आहे. परंतु बैलाची खरी निगा त्या एका दिवसाची नव्हे. जुना गडी रोज सायंकाळी बैल नाल्यावर नेऊन धूत असे, खुरांतील चिखल काढीत असे, खांद्यावरून हात फिरवून कोठे सूज आहे काय ते पाहत असे. आता पुष्कळांच्या गोठ्यात बैलांच्या जागी ट्रॅक्टर उभा आहे, ट्रॉली आहे, काहींच्या दारी मालमोटारही आहे. हे नवे बैल मात्र दसऱ्याच्या दिवशी तेवढे धुतले जातात, त्यांस झेंडूचे हार घातले जातात, आणि मग पुढील दसऱ्यापर्यंत त्यांच्या अंगावरचा चिखल पावसानेच धुवावा अशी आपली व्यवस्था असते. या अव्यवस्थेने काय काय नुकसान होते, व ज्याच्या हाती ती गाडी दिलेली आहे त्या ड्रायव्हरकडून हे काम गोडीने कसे करून घ्यावे, याविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

स्वच्छता म्हणजे शोभा नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. गाडी चकचकीत दिसावी म्हणून कोणी धुवावी असे आमचे म्हणणे नाही. तशी हौस ज्यास असेल त्याने ती खुशाल पुरवावी. आपल्या धानाच्या मुलखात गाडीवर जो मळ बसतो तो चार प्रकारचा आहे, आणि प्रत्येकाचा उपद्रव निराळा आहे.

पहिला चिखल. चिखलणीच्या वेळी बांधीतील चिकण माती यंत्राच्या पोटाशी, पुढील आसाशी व ब्रेकच्या जोडांत जाऊन बसते. ओली असते तोवर ती हाताने निघते. दोन दिवसांनी विटेसारखी होते. तिच्यात धानाची मुळे, तणसाची काडी, क्वचित् खताच्या पोत्याची प्लॅस्टिकची दोरी गुंतलेली असते. ही दोरी आसाभोवती गुंडाळली गेली की तेल अडविणारी सील कापते, तेल बाहेर येते व चिखल आत जातो. लोखंडी चाके चढवून चिखलणी केलेला ट्रॅक्टर तसाच डांबरी सडकेवर आणला म्हणजे सडक तर फुटतेच, परंतु मागे पडलेल्या चिखलावरून पहिल्या सरीत एखादा दुचाकीवाला घसरून पडतो. गडचिरोली-मूल-चंद्रपूर हा मार्ग आपल्या सावलीवरूनच जातो व त्यावर रात्रंदिवस जड वाहतूक चालते. अशा सडकेवर घसरून पडलेल्या माणसाच्या मागून काय येत असेल हे सांगावयास नको.

दुसरा मळ मळणीच्या दिवसांतील भुसा व धूळ. हा वजनाने हलका, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः यंत्राचे आयुष्य सर्वांत अधिक हाच खातो. रेडिएटरच्या बारीक जाळीत भुसा बसला की वारा आत जाईनासा होतो व यंत्र तापते. एका मळणीच्या हंगामात आमचा स्वतःचा ट्रॅक्टर भर दुपारी खळ्यावर वाफ सोडू लागला. मिस्त्री आणविला, अर्धा दिवस मजूर बसून राहिले, आणि शेवटी निघाले ते दीड पसा कोंडा व कुटार! जाळी साफ करताना पाणी किंवा हवा पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने सोडावी, म्हणजे ज्या वाटेने भुसा आत आला त्याच वाटेने तो परत जातो. समोरून जोराचा फवारा मारल्यास तो अधिकच आत रुततो. तापलेल्या यंत्रावर थंड पाणी कधीही ओतू नये. ओतीव लोखंडास तडा जातो. रेडिएटरचे झाकणही गरम असताना उघडू नये, उकळती वाफ तोंडावर येते.

हवा गाळण्याच्या भांड्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. यंत्र डिझेल पिते हे सर्वांस दिसते, पण त्याहून कितीतरी पट हवा ते ओढते, हे दिसत नाही. ती हवा ज्या भांड्यातून जाते त्यात जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरांत तेल असते. धूळ त्या तेलास चिकटून खाली बसते. खळ्यावर काम चालू असताना हे भांडे रोज उघडून पाहावे. तेल घट्ट झाले असेल अथवा तळाशी गाळ साचला असेल तर भांडे पुसून नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या वर भरल्यास यंत्र तेच तेल ओढून घेते. नव्या गाड्यांत कागदी गाळणी असते. ती हलक्या हाताने झटकावी, पाण्याने अगर रॉकेलने धुऊ नये, आणि फाटली असल्यास बदलावी. हे न केल्यास गाडी काळा धूर सोडते, डिझेल अधिक जाळते, आणि गाळणीतून निसटलेली धूळ पिस्टनच्या कड्या घासून टाकते. मग हजारो रुपयांचे काम निघते व मालक म्हणतो, कंपनीचा माल वाईट निघाला.

याच भुशाचा दुसरा धोका आगीचा. सायलेन्सरजवळ साचलेले वाळलेले तणस पेट घेते, आणि खळ्यावर पुंजणे रचलेले असताना ठिणगी कोठे जाईल याचा नेम नाही. वर्षाचे अन्न अर्ध्या तासात जाते. मळणीच्या दिवसांत दुपारी एकदा व सायंकाळी एकदा यंत्राचा तो भाग झाडणीने झाडावा, एवढ्याने निभते.

तिसरा मळ खताचा. युरिया, सुपर फॉस्फेट, पोटॅश यांची पोती फुटून ट्रॉलीच्या सांध्यांत दाणे पडतात. हे क्षार हवेतील ओल शोषून घेतात व पत्र्यास चिकटून राहतात. म्युरेट ऑफ पोटॅश हे तर क्लोराइडच आहे, म्हणजे मिठाचेच भावंड. समुद्राकाठी लोखंड जसे गंजते तसे ते येथे गंजते. खत उतरविल्याबरोबर ट्रॉली कोरडी झाडून, मग पाण्याने धुऊन, फाळका उघडा ठेवून ती उन्हात वाळवावी. ट्रॉलीचा तळ चार-पाच वर्षांत चाळणीसारखा होतो तो बहुतेक या एका आळसाने.

चौथा मळ डोळ्यांस दिसत नाही, म्हणून त्याविषयी आम्ही अधिक कळकळीने लिहीत आहो. तो औषधांचा, म्हणजे विषांचा. ज्या ट्रॉलीतून सकाळी फवारणीच्या बाटल्या व औषध लावलेले बियाणे आले, त्याच ट्रॉलीतून दुपारी रोवणीच्या बायांची शिदोरी जाते, सायंकाळी ढेप व कोंडा येतो आणि मार्गशीर्षात धान घरी येते. ट्रॉलीत माणसे बसविणे कायद्यास संमत नाही. तरी ती बसतात, लहान मुलेही बसतात, हे आपण सर्व जाणतो. 1958 साली केरळात काय घडले ते वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. फॉलिडॉल या नावाने विकले जाणारे पॅराथिऑन हे विष आणि गव्हाचे पीठ व साखर ही एकाच जहाजातून आली. विष गळले, अन्नात मिसळले, आणि ते अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. शेतात फवारतानाचा कोणाचा हलगर्जीपणाही नव्हता. केवळ वाहतुकीतील घाण, आणि तीही न दिसणारी! त्या प्रकरणाची चौकशी होऊन पुढे 1968 साली कीटकनाशकांचा कायदा झाला. त्याखालील 1971 च्या नियमांत, कीटकनाशके अन्नधान्यास अगर जनावरांच्या खाद्यास लागतील अशा रीतीने नेऊ वा ठेवू नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे; आणि वाटेत ती गळल्यास तातडीने उपाय करण्याची जबाबदारी वाहून नेणाऱ्यावर टाकिली आहे. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, ते दुःख तर अद्याप ताजे आहे.

म्हणून औषधांसाठी झाकणाची एक निराळी पेटी असावी व ती धान्याच्या ट्रॉलीत ठेवूच नये. औषध सांडलेच तर त्यावर प्रथम पाणी ओतू नये. पाण्याने ते पसरते. कोरडी माती, राख वा कोंडा टाकून ते टिपून घ्यावे, हातांत मोजे घालून भरावे, आणि विहीर, बोडी व नाला यांपासून दूर खोल खड्ड्यात पुरावे. नंतर साबणाच्या पाण्याने ट्रॉली निदान तीन वेळा धुवावी. लाकडी फळ्यांत विष मुरले असेल तर त्या फळ्या काढून टाकाव्या. त्यांचा सरपणास उपयोग करू नये.

भाड्याच्या मालमोटारीविषयीही येथेच सांगून टाकतो. चंद्रपूरकडे कोळसा व सिमेंट आणि गडचिरोलीकडे लोहखनिज अशी आपल्या दोहो बाजूंस खाणी-कारखान्यांची वाहतूक आहे. त्यांतील एखादी गाडी परतीच्या फेरीत स्वस्त दराने धान नेण्यास तयार होते. दर स्वस्त असेल. परंतु ताडपत्री उचलून तळ पाहिल्याशिवाय पोते चढवू नये. आधारभूत किमतीच्या खरेदीत धानामध्ये माती-खड्यांसारखी निरिंद्रिय भेसळ शेकडा 1 पर्यंत व काडीकचऱ्यासारखी सेंद्रिय भेसळ शेकडा 1 पर्यंतच चालते. मोकळे धान भरलेल्या ट्रॉलीत 24 क्विंटल माल असेल तर ही मर्यादा 24 किलोंवर संपते, आणि खळ्यावरची थोडी माती त्यात आधीच आलेली असते. न झाडलेल्या ट्रॉलीच्या कोपऱ्यांतून दोन घमेली माती सहज निघते. माल नापास झाला म्हणजे आपण केंद्रावरील माणसांवर रागावतो.

बियाण्याच्या बाबतीत तर कोपऱ्यातील मूठभर दाणेही पुरतात. आपल्याच जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली ‘पटेल 3’ या धानात वेगळ्या दिसणाऱ्या पिवळसर लोंब्या हेरल्या, त्या जपून निराळ्या लाविल्या, वर्षानुवर्षे निवडल्या, आणि त्यांतून एचएमटी हे धान जगापुढे आले. थोड्याशा जमिनीच्या त्या धन्याने चार लोंब्यांचा वेगळेपणा जपला. आणि आपण बियाण्याचे धान कालच्या मिश्र धानाच्या ट्रॉलीत भरून त्याचा वेगळेपणा एका फेरीत घालवितो. दादाजी 2018 साली निवर्तले. तणांच्या बियांचेही असेच आहे. परमुलखातून येणारी हार्वेस्टर यंत्रे आपल्या बांधीत उतरण्यापूर्वी बांधाबाहेर झाडून घेण्याचा आग्रह प्रत्येकाने धरावा; कापणीच्या घाईत यंत्रवाला कुरकुर करील, करू द्यावी.

येथवर काय करावे ते झाले. खरी अडचण पुढेच आहे. हे करणार कोण? मालमोटारीवर ड्रायव्हरच्या सोबत्यास आपण ‘क्लीनर’ म्हणतो. शब्दाचा अर्थ सफाई करणारा. पण तो माल चढवितो, चाक बदलतो, चहा आणतो, मागे पाहून ‘येऊ द्या’ म्हणतो, केवळ सफाईच तेवढी करीत नाही. ट्रॅक्टरवर तर तोही नसतो. आणि ड्रायव्हरास वाटते, आपण चाक धरणारे कसबी माणूस. खराटा धरणे हे आपले काम नव्हे. यात त्याचा एकट्याचा दोष नाही. झाडणाऱ्यास हलका समजण्याची खोड आपल्या समाजाचीच आहे, आणि मालक तिच्यापासून सुटलेला नाही.

आम्ही अनेक सभासदांच्या घरची रीत पाहिली, आणि आमचे असे मत झाले आहे की, गाडी घाण राहते ती बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरच्या आळसामुळे नव्हे, मालकाच्या हिशेबामुळे राहते. ड्रायव्हरास मजुरी फेरीवर अगर तासावर मिळते. धुण्याचा अर्धा तास त्या हिशेबात कोठेच नसतो. म्हणजे मालक त्याला सांगतो की, गाडी माझी, फायदा माझा, श्रम मात्र तुझे व फुकट. असे काम कोणी दोन दिवस भीतीने करील, तिसऱ्या दिवशी टाळील. याकरिता पहिली गोष्ट ही की धुण्याची वेळ कामाची वेळ म्हणून धरावी व तिचे पैसे द्यावे. रोजचा अर्धा तास म्हणजे महिन्याच्या 26 दिवसांस 13 तास होतात. हा खर्च जड वाटल्यास, मळणीच्या ऐन दिवसांत गाडी एक दिवस बंद राहिली तर भाडे किती बुडते व मजूर किती बसून खातात, ते शेजारी मांडून पाहावे.

दुसरी गोष्ट, एक गाडी एका माणसाच्या हाती असावी. आज हा, उद्या तो, परवा मालकाचा भाचा, असे जेथे चालते तेथे कालचा चिखल आज कोणाचा हे ठरत नाही. अदलाबदल करणे भागच पडल्यास, गाडी हाती देताना दोघांनी मिळून ती एकदा फिरून पाहावी, व घेणाऱ्याने घाण गाडी घेण्यास नकार द्यावा. असा नकार देणाऱ्याची बाजू मालकाने घ्यावी. हे फार महत्त्वाचे आहे, आणि फार थोडे मालक ते करतात.

तिसरी, साधने. पाणी विहिरीवर, ब्रश कोणी नेलेला, नळी फुटलेली, उभी करण्यास जागा चिखलाची, असे असता माणसास बोल लावणे अन्याय होय. एक लाकडी खरवडणी, दोन ब्रश, चिंध्या, ग्रीसची पिचकारी, थोडा खाण्याचा सोडा व नळी, एवढे सामान खिळ्यावर टांगलेले असावे. सोडा गरम पाण्यात घालून बॅटरीच्या टोकांवरील पांढरा थर धुवावा व वर व्हॅसलीन लावावे. धुतल्यानंतर जोडांत ग्रीस अवश्य भरावे, कारण पाण्याने जुने ग्रीस निघून जाते. भरण्यापूर्वी ग्रीसचे तोंड पुसावे, नाहीतर मातीच आत दाबली जाते.

चौथी गोष्ट कारण सांगण्याची. ‘गाडी धू’ असे सांगितलेला माणूस वरचा पत्रा धुतो, कारण तेवढाच मालकास दिसतो. पण धुणे म्हणजे गाडीस हात लावून तपासणे आहे, सैल नट, तडकलेले पाते, तेलाचा थेंब, टायरात शिरलेला काटा हे धुतानाच सापडते, असे ज्यास समजावून सांगितले तो पोटाखाली शिरतो. मागील तांबडे परावर्तक व दिवे यांवरील चिखल पुसण्याचे तर त्याला विशेषेकरून सांगावे. रात्री अंधारात चालणारी ट्रॉली मागून येणाऱ्यास त्या दोन तांबड्या चकत्यांवरूनच दिसते. त्या चिखलाने झाकल्या की ट्रॉली दिसतच नाही. या एका बाबतीत ड्रायव्हरचा स्वतःचा प्राणही गुंतलेला आहे, आणि तो ते लगेच समजतो.

दंडाविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. पगारातून पैसे कापले की गाडी धुतली जाते, परंतु ड्रायव्हर दोष लपवू लागतो. तेल गळत असल्याचे तो सांगत नाही, चिंधी बांधून वेळ निभावतो. त्यापेक्षा मालकाने रोज ठरल्या वेळी, सायंकाळी गाडी उभी राहताच, पाच मिनिटे तिच्याभोवती फिरावे, झाकण उघडून पाहावे, आणि काम चांगले असेल तर चार माणसांत तसे म्हणावे. वाईट असेल तर एकट्यास बाजूस घेऊन सांगावे. ज्याने धुताना दोष शोधून वेळेवर सांगितला त्यास बक्षीस द्यावे, म्हणजे बक्षीस चकाकीस न मिळता दक्षतेस मिळते. पोळ्यास गड्यास नवे कापड देण्याची रीत आहेच; त्याच दिवशी वर्षभर गाडी राखणाऱ्या ड्रायव्हराचा मानही करावा.

चढाओढीचाही उपयोग होतो. 2000-01 साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले तेव्हा गावागावांत स्पर्धा लागली व जी कामे वर्षानुवर्षे झाली नव्हती ती लोकांनी अंगमेहनतीने केली, हे पुष्कळांनी पाहिले आहे. स्पर्धा संपल्यावर काही गावे पुन्हा पूर्वस्थितीवर आली, हेही पाहिले आहे. तेव्हा बक्षीस हे आरंभास ठीक. पुढे सवयच हवी.

आणि ज्या बाबांच्या नावाने ते अभियान चालले, त्यांची रीत काय होती? गाडगेबाबा गावात आले की उपदेशापूर्वी खराटा हाती घेऊन स्वतः झाडू लागत. मग गावकऱ्यांस उभे राहून पाहण्याची लाज वाटे. आपल्या सावलीस 1936 साली गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी महात्माजी येऊन राहिले होते. सफाई हे हलके काम नव्हे हे त्यांनीही जन्मभर स्वतः करूनच सांगितले. मालकाने रोज गाडी धुवावी असे आम्ही म्हणत नाही. पण हंगामाच्या पहिल्या दिवशी बाह्या सरसावून त्याने ड्रायव्हरबरोबर एकदा ती धुवावी. निदान एवढे तरी करावे की, बाजूस बसून खर्रा घोटत घोटत दारावर पिंक टाकू नये! ज्या दारावर मालकाची पिंक आहे ते दार ड्रायव्हर कशास पुसेल?

आता धुण्याच्या जागेविषयी. मामा तलावाच्या पाळीवर, बोडीत अथवा आसोलामेंढ्याच्या कालव्यात गाडी उतरवून धुण्याची सवय सर्वत्र आहे, ती सोडली पाहिजे. डिझेल-तेलाचा तवंग पाण्यावर पसरतो, मासे व शिंगाडा यांवर पोट असलेल्या ढिवर बंधूंचे नुकसान होते, व जनावरे तेच पाणी पितात. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यानेही विहिरी-नाल्यांत असे दूषित द्रव्य सोडण्यास मनाई केली आहे. घरच्या वाड्यात विहिरीपासून दूर, उताराची, मुरूम-दगड ठोकलेली एक जागा करावी. तिचे पाणी दोन लहान टाक्यांतून न्यावे. पहिलीत गाळ बसतो. दुसरीत तेल वर तरंगते, व पाणी बाहेर जाण्याची नळी तळाजवळून घेतली असता तेल आतच राहते. ते आठवड्यास चिंध्यांनी टिपून घ्यावे. चिखल आधी कोरडा खरवडला तर पाणी निम्म्याने कमी लागते.

अशी जागा मृगापूर्वी तयार झालेली बरी. रोवणी सुरू झाल्यावर तिच्यासाठी गवंडी मिळत नाही. ज्या सभासदांनी आपल्या वाड्यात ती यापूर्वीच बांधली असेल त्यांनी टाक्यांची मापे व झालेला खर्च आम्हांस कळवावा, म्हणजे येत्या अंकात तो इतरांच्या उपयोगासाठी छापता येईल.